वय झाले की व्याधी जडली?
वृद्धांच्या मनातील वार्धक्याचे मोजमाप

माणसाचे वय जन्मतारखेवरून काढता येते. परंतु आपण वृद्ध झालो आहोत ही जाणीव कोणत्याही दाखल्यात नोंदलेली नसते. एकाच वयाच्या आणि मधुमेहासारख्या एकाच व्याधीने ग्रस्त असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक पथ्यपाणी सांभाळून शेतावर फेरी मारून येते, तर दुसरी "पिकले पान" म्हणून औषधही सोडून देते. हा फरक केवळ शरीरप्रकृतीचा नसतो; आपल्या वार्धक्याकडे ती व्यक्ती कोणत्या दृष्टीने पाहते, याचाही तो असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. एवढ्या मोठ्या समूहाच्या आरोग्याचा विचार करताना ही दृष्टी जाणून घेणे अगत्याचे ठरते.

आरंभीचे प्रयत्न

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील वृद्धचिकित्सा केंद्रात मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांनी वृद्धांचे मनोधैर्य मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली व १९७५ मध्ये तिचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. तिच्या १७ प्रश्नांपैकी पाच प्रश्न स्वतःच्या वार्धक्याविषयी होते. वय वाढते तशी परिस्थिती बिघडत जाते काय, गेल्या वर्षाइतकाच उत्साह आजही वाटतो काय, आपली उपयुक्तता कमी झाली असे वाटते काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होत.

याच प्रश्नांच्या आधारे येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक लक्षवेधी निष्कर्ष मांडला. ओहायो राज्यातील एका लहान गावातील पन्नास व त्याहून अधिक वयाच्या ६६० व्यक्तींची उत्तरे १९७५ पासून नोंदविण्यात आली होती. पुढील सुमारे २३ वर्षांच्या माहितीशी ती ताडून पाहता, वार्धक्याकडे अनुकूल दृष्टीने पाहणाऱ्या व्यक्ती इतरांपेक्षा सरासरीने साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळून आले. वय, आर्थिक स्थिती व दैनंदिन कामाची क्षमता यांचा हिशेब धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला. अर्थात संबंध आढळला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नव्हे.

व्याधीमुळे होणारी गफलत

दीर्घकालीन आजार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र या प्रश्नांची मर्यादा उघड होते. हृदयविकाराच्या रुग्णाने पूर्वीचा उत्साह राहिला नाही असे सांगितले, तर ते त्याचे वार्धक्याविषयीचे मत समजावयाचे की त्याच्या आजाराचे लक्षण?

ही गाठ उकलण्याच्या दृष्टीने आयर्लंडमध्ये तयार झालेली व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली वार्धक्य-जाणीव प्रश्नावली उपयुक्त ठरली. तिच्यात ३२ विधाने असून प्रत्येकाशी आपण किती सहमत आहोत, हे पाच पायऱ्यांवर सांगावयाचे असते. वयाची जाणीव सतत होते की मधूनमधून, त्यामुळे मनात कोणत्या भावना उठतात, वाढत्या वयाचे बरे व वाईट परिणाम कोणते वाटतात आणि त्यांवर आपला कितपत ताबा आहे, अशी ही अंगे आहेत. २०१४ मध्ये तिची १७ विधानांची संक्षिप्त आवृत्तीही तयार करण्यात आली.

मूळ प्रश्नावलीचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्यात सांधेदुखी, निद्रानाश, तोल जाणे, ऐकू कमी येणे यांसारख्या प्रकृतीतील १७ बदलांची यादी दिली आहे. प्रत्येकाबाबत दोन प्रश्न विचारले जातात : हा बदल गेल्या दहा वर्षांत जाणवला काय, आणि जाणवला असल्यास तो केवळ वयामुळे झाला असे वाटते काय? व्याधीचे खापर वयावर किती प्रमाणात फोडले जाते, हे या दुसऱ्या प्रश्नावरून कळते. मोतीबिंदू किंवा उच्च रक्तदाब यांवर उपचार उपलब्ध असूनही "हे वयोमानाने चालायचेच" अशी समजूत झालेली व्यक्ती दवाखान्याची पायरी चढत नाही. खरे नुकसान येथेच होते.

आपल्याकडील विचार

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये हाती घेतलेल्या देशव्यापी वार्धक्य पाहणीच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक व्यक्तींकडून आजार, उपचार व राहणीमान यांची माहिती गोळा करण्यात आली. अशा माहितीला वृद्धांच्या आत्मजाणिवेची जोड द्यावयाची झाल्यास परदेशी प्रश्नांचे शब्दशः भाषांतर पुरेसे होणार नाही. "आता वय झाले" हे मराठी माणसाच्या तोंडी अनेकदा नम्रतेने येणारे वाक्य असते. ते निराशेचे द्योतक असतेच असे नाही. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे, निरक्षर व्यक्तीला विधाने सावकाश वाचून दाखविणे, पाच पायऱ्या समजण्यास कठीण जात असल्यास त्या उदाहरणाने स्पष्ट करणे, ही पथ्ये पाळावी लागतात. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे उत्तर खुद्द वृद्धाचे असले पाहिजे. मुलगा किंवा सून शेजारी बसून उत्तरे देऊ लागली की मोजमाप वृद्धाच्या मनाचे न राहता कुटुंबाच्या मताचे होते.

अशी प्रश्नावली हे रोगनिदानाचे साधन नव्हे आणि तिच्या गुणांवरून कोणाही वृद्धाला आशावादी वा निराश असा शिक्का मारणे योग्य होणार नाही. तिचे मूलतत्त्व मात्र गावपातळीवरही आचरणात आणता येण्याजोगे आहे. ग्रामसभेत, आरोग्य तपासणी शिबिरात किंवा शाळेच्या पालकसभेत एखाद्या आजीआजोबांनी दुखण्याचा उल्लेख केला, तर "वयाचा परिणाम" म्हणून विषय संपविण्याऐवजी हे दुखणे केव्हापासून आहे, ते कशामुळे असावे असे त्यांना वाटते आणि डॉक्टरांना दाखविले काय, एवढे तीन प्रश्न पंचायत सदस्य व शिक्षक सहज विचारू शकतात. वय थांबविणे कोणाच्याही हाती नाही. परंतु वयाच्या नावाखाली दडून राहिलेली व्याधी वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचविणे सर्वांच्या हाती आहे.