बिळातला जीव, पिंजऱ्यातले आजार

मुलांच्या हट्टाखातर घरात आलेला हॅमस्टर काही महिन्यांत बाल्कनीच्या कोपऱ्यात जातो. शाळा सुरू होते, परीक्षा येतात, उत्साह ओसरतो. पिंजऱ्यातला भुसा वेळेवर बदलला जात नाही, वाटीत नुसत्या सूर्यफुलाच्या बिया पडत राहतात आणि एक दिवस ‘कुणाला हवा असेल तर घेऊन जा’ असा निरोप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. तो वाचून जो पुढे होतो, त्याच्या हाती जेमतेम सव्वाशे ग्रॅम वजनाचा एक जीव पडतो. पाठीवरचे केस झडलेले, नखे वळलेली, दात वाकडे वाढलेले. यातले आधी काय पाहायचे, काय बरे होईल आणि काय होणार नाही, हे ठरवायला दयेच्या जोडीला जीवशास्त्र लागते. दुर्लक्षित हॅमस्टरच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ एकाच ठिकाणी असते. त्याचे शरीर एका जगासाठी घडले आणि आपण त्याला भलत्याच जगात ठेवले. हे अंतर ओळखले की अर्धे उपचार आपोआप सुचतात.

अलेप्पोच्या शेतातून

पाळीव हॅमस्टरांत सर्वांत ओळखीचा सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर हा मूळचा उत्तर सीरियातल्या अलेप्पोभोवतीच्या पठारावरचा आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानातला. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज वॉटरहाउस यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे जवळपास शतकभर तो विस्मृतीत राहिला. १९३० च्या सुमारास जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले परजीवीशास्त्रज्ञ सॉल ॲडलर लीशमॅनियासिसवर काम करत होते. आपल्याकडे बिहारमध्ये ज्याला काला आजार म्हणतात, तो याच रोगाचा एक प्रकार. प्रयोगासाठी आणलेले चिनी हॅमस्टर बंदिवासात वीत नव्हते, म्हणून ॲडलर यांना दुसरी जात हवी होती. त्यांचे सहकारी, प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी अलेप्पोजवळच्या शेतात बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. त्यातली बरीच मेली, काही निसटली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून जी वीण सुरू झाली, तिचेच वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरांत आहेत. मूळ रानातली त्याची जात मात्र आता धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

पिंजऱ्यात त्याच्या कित्येक पिढ्या गेल्या, तरी शरीर आणि स्वभाव त्या शेतातलाच राहिला. जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचे रोल्फ गाटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीरिया आणि तुर्कस्तानात रानटी हॅमस्टरांची बिळे मोजली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बिळांची सरासरी खोली सुमारे ६५ सेंटिमीटर निघाली, काही तर मीटरभराहून खोल होती. एकाही वसलेल्या बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ हॅमस्टर सापडला नाही. इतक्या खोलवर माती थंड असते, अंधार असतो, शांतता असते. हॅमस्टरची सगळी रचना या एका पत्त्यावर बेतलेली आहे. नजर अधू, नाक तल्लख, आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वर टिपणारे कान आणि खांद्यापर्यंत पोचणाऱ्या गालपिशव्या. बाहेर जायचे, पिशव्या भरायच्या, परतून कोठारात रित्या करायच्या आणि एकट्याने राहायचे.

पिंजरा काय करतो

आता या प्राण्याला उथळ, गजांच्या, उन्हातल्या पिंजऱ्यात ठेवून पाहू. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात २००६ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंटिमीटर जाडीच्या अंथरुणावर ठेवले गेले. १० सेंटिमीटरवाले गज सर्वांत जास्त कुरतडत राहिले. ८० सेंटिमीटरवाल्यांत गज कुरतडणे दिसलेच नाही. खणायला जागा मिळाली तेव्हा त्यांनी बिळे केली.

गज कुरतडणे हे नुसत्या कंटाळ्याचे लक्षण समजून सोडून देता येत नाही. हॅमस्टरला एकूण १६ दात असतात. दाढा वाढत नाहीत, पण पुढचे चार पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि एकमेकांवर घासूनच त्यांची लांबी ताब्यात राहते. गजावर ओढून एखादा दात तुटला किंवा वाकला की समोरच्या दाताला घासायला काही उरत नाही. तो वळत वाढतो, कधी टाळूत किंवा गालात रुततो. मग भरलेल्या वाटीसमोर प्राणी उपाशी राहतो. अशा दातांना घरी नेलकटर लावणे धोक्याचे, कारण दात उभा चिरू शकतो. पशुवैद्य ते योग्य हत्याराने कमी करतात आणि पुष्कळदा हे काम ठरावीक काळाने आयुष्यभर करावे लागते.

पायांचेही तसेच. तारेच्या जाळीवर उभे राहून तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात. लहान चाकात पळताना पाठीला कायमचा बाक येतो. सीरियन हॅमस्टरला किमान २० सेंटिमीटर, शक्यतो त्याहून मोठे आणि अखंड पृष्ठाचे चाक लागते. ओला भुसा साचला की लघवीतला अमोनिया श्वसनमार्गाला जाळतो. आणि दुकानात किंवा घरी दोन प्रौढ हॅमस्टर एकत्र ठेवले की त्यांच्या भांडणात कान फाटतात, प्रसंगी एकाचा जीव जातो. ही प्रत्येक इजा माणसाने केलेल्या मांडणीतून येते, म्हणूनच त्यातली बरीचशी मांडणी बदलून थांबवता येते.

अंगावरच्या खुणा

नवा पालक पहिल्यांदा घाबरतो तो पुष्कळदा निरोगी खुणांना. दोन्ही कुशींवर दिसणारे काळसर ठिपके या गंधग्रंथी असतात, विशेषतः नरात त्या ठळक दिसतात. त्यांना गाठ समजून दवाखान्यात धाव घेणारे खूप असतात. मादीचे ऋतुचक्र चार दिवसांचे असते आणि दर चौथ्या दिवशी चिकट, पांढुरका, उग्र वासाचा स्राव येतो. तोही आजार नव्हे. मात्र चक्राशी न जुळणारा, पू किंवा रक्त मिसळलेला स्राव आला तर गर्भाशयातल्या संसर्गाची शंका घ्यावी.

पाठीवर आणि कमरेवर केस विरळ होऊन कातडी कोरडी पडली असेल तर डेमोडेक्स जातीचे माइट्स असू शकतात. हे सूक्ष्म जीव निरोगी हॅमस्टरच्या कातडीतही राहतात. वय, ताण किंवा दुसरा आजार यांनी प्रतिकारशक्ती खचली की त्यांची संख्या वाढते. म्हणून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा पशुवैद्य माइट्स सापडल्यावर थांबत नाही, प्राणी खचला कशाने तेही शोधतो. गाल एका बाजूने फुगलेलाच राहिला तर पिशवीत अन्न किंवा कापसासारखे धागे अडकलेले असू शकतात. ‘नरम बिछाना’ म्हणून विकला जाणारा कापूस याच कारणाने टाळावा. त्याचे धागे पायांनाही आवळतात.

सर्वांत तातडीचे लक्षण म्हणजे शेपटीभोवतीचा ओला, घाण वासाचा जुलाब. लहान वयाच्या सीरियन हॅमस्टरांत लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस हा जिवाणू आतड्याच्या शेवटच्या भागाला सुजवतो. आईपासून तोडणे, प्रवास, गर्दी या ताणाच्या काळात तो उचल खातो आणि दोन-तीन दिवसांत प्राणी दगावू शकतो. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये.

शिकार होणारे प्राणी आजार लपवतात. तो नीट डोळ्यांना दिसेपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. यावर सर्वांत विश्वासाचे साधन स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. १२० ग्रॅमच्या हॅमस्टरचे १२ ग्रॅम कमी होणे म्हणजे ६० किलोच्या माणसाने सहा किलो गमावणे. वजनाची आठवड्याची नोंद ठेवली तर ही घट वेळेत कळते.

औषध हेच विष

आपल्याकडे घरातली उरलेली गोळी चिमूटभर कुस्करून प्राण्याला देण्याची सवय आहे. हॅमस्टरच्या बाबतीत ती प्राणघातक ठरते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल वाढतो, त्याचे विष आतडे पोखरते आणि काही दिवसांत प्राणी मरतो.

या दुर्दैवी दुबळेपणाचे माणसावर मोठे ऋण आहे. १९७० च्या दशकात क्लिंडामायसिन घेणाऱ्या काही रुग्णांना मोठ्या आतड्याचा भयंकर दाह होत होता आणि कारण सापडत नव्हते. अमेरिकी वैद्य जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच औषध दिलेल्या हॅमस्टरांच्या आतड्यात विष तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम जिवाणू शोधला. १९७७-७८ मधल्या त्या कामातून माणसांतल्या आजाराचाही गुन्हेगार हाती लागला. आज रुग्णालयांत प्रतिजैविकांनंतरच्या जुलाबाची तपासणी होते, तिची वाट हॅमस्टरांच्या मरणातून निघाली. त्यामुळे लहान प्राणी पाहण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा आणि औषध, मात्रा दोन्ही त्याच्याकडूनच घ्यावे.

घरी आणल्यावर

आधी घर, मग प्राणी. शक्य तितकी मोठी, सलग तळाची पेटी घ्यावी. तिच्यात कागदी किंवा गंधहीन लाकडी कात्रणाचा निदान २५ सेंटिमीटरचा थर द्यावा, एका कोपऱ्यात आणखी खोल. देवदारासारखी सुगंधी लाकडे श्वासाला त्रास देतात. लपायला पेटी आणि अंग घोळवायला बारीक वाळू ठेवावी. पायाला जखम असेल तर ती भरेपर्यंत वाळू आणि चाक बाजूला ठेवून मऊ कागद अंथरावा.

हॅमस्टरला १८ ते २४ अंश तापमान मानवते. त्याला घाम येत नाही. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना किंवा मुंबईतली उन्हे येणारी बाल्कनी त्याला उष्माघाताने मारू शकते. घरातली सर्वांत थंड खोली त्याची, आणि पेटीत गारवा धरणारी एक फरशी.

आहार एकदम पालटू नये. सूर्यफुलाच्या बिया हळूहळू कमी करत मिश्र धान्य, थोडी भाजी, उकडलेल्या अंड्याचा कण असे द्यावे. रोज साधारण दहा-बारा मिलिलिटर पाणी पोटात जायला हवे. पुष्कळ जुन्या बाटल्यांची नळी तुंबलेली असते, म्हणून बोटाने दाबून पाहावी. सफाई करताना सगळा भुसा एकदम काढू नये. स्वतःचा वास पुसला गेला की तो पुन्हा अनोळखी जागेत पडतो. हाताळण्याची घाई नको, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. घरात गर्भवती असेल तर पिंजऱ्याचे काम दुसऱ्याने करावे, कारण कुरतडणाऱ्या प्राण्यांतून क्वचित येणारा एक विषाणू गर्भाला धोकादायक असतो.

उरलेले आयुष्य

हॅमस्टर दोन-तीन वर्षे जगतो. दीड वर्षाचा दत्तक घेतला तर तो म्हातारपणाच्या उंबरठ्यावर असतो. हृदयाचा, मूत्रपिंडाचा, गाठींचा आजार तेव्हा सुरू झालेला असू शकतो आणि काही दुखणी औषधाने बरी होत नाहीत. तरी प्रयत्न वाया जात नाहीत. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पिंजरा समृद्ध केल्यावर हॅमस्टर काहीशा संदिग्ध संकेतांकडेही आशेने पाहू लागले. राहणीमान सुधारले की त्याची जगाबद्दलची अपेक्षाही सुधारते. रोगमुक्ती साधली नाही तरी हे नक्की साधता येते.

कायदाही याच बाजूला आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे आणि उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे गुन्हा आहे. २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांत हॅमस्टरचे नाव स्पष्टपणे आहे. नको झालेला हॅमस्टर बागेत सोडणे म्हणजे मांजर, घार आणि उन्हाच्या तोंडी देणे. तो सांभाळता येत नसेल तर सांभाळणारा माणूस शोधून द्यावा, त्याच्या आजारांची खरी हकीकत सांगावी. आणि पाळायचाच असेल तर दुकानाआधी अशा सोडून दिलेल्यांची चौकशी करावी. काचेची खोल पेटी, मोठे चाक आणि जाणकार पशुवैद्य एवढी तयारी जिथे आहे, तिथे आजारी हॅमस्टरलाही चांगले दिवस देता येतात.