घरी विमान बांधायचे, पण कशाचे?

घरी विमान बांधतो, असे कोणी म्हणाले की आपल्याकडे आधी हसू येते. पण मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभे केले. २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणीही झाली. तेव्हा आता प्रश्न उरतो तो विमान कशाचे करायचे, हा.

समजा, म्हैसूरच्या गोकुलममधल्या एखाद्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये कोणी हे काम काढले. पत्रा वाकवणे, रिव्हेट मारणे नको असेल, तर तो काचेच्या कापडाकडे आणि इपॉक्सीकडे वळेल. जवळच बंगळूरला नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने कॉम्पोझिटचेच दोन आसनी 'हंस' बनवले. ते १९९३ साली प्रथम उडाले. अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७५ च्या 'व्हॅरीईझ'मध्ये तर साचाही लागू दिला नाही. फोमच्या ठोकळ्याला तापलेल्या तारेने पंखाचा आकार द्यायचा आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेले कापड चढवायचे, अशी ही पद्धत. थर्मोकोलची मखरे कापलेल्यांना ही तार ओळखीची वाटेल.

पहिला धोका इथेच आहे. फायबरच्या टाक्या करणाऱ्या कारागिराकडे बहुधा पॉलिएस्टर रेझिन असते. ते स्वस्त खरे, पण त्यातले स्टायरीन या पॉलिस्टायरीन फोमला विरघळवून टाकते. इपॉक्सी तसे करत नाही. दुसरी अडचण कारागिराच्या सवयीची. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडा कमी-जास्त करून घट्ट होण्याचा वेग बदलता येतो. इपॉक्सीत हार्डनर हा मूळ मिश्रणाचाच भाग. घाई झाली म्हणून तो जास्त ओतला, तर जोड कच्चा राहतो आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून उत्पादकाने दिलेले प्रमाण ग्रॅमच्या काट्यावर तोलूनच घ्यायचे. एका मगात भरपूर कालवले, तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते.

आपल्या हवेत सर्वांत महत्त्वाचे काय, तर ऊन. साध्या तापमानाला घट्ट होणारी पुष्कळ इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात आणि उन्हात उभ्या गडद रंगाच्या पंखाचा पृष्ठभाग त्याहून जास्त तापतो. कॉम्पोझिटची विमाने बहुतेक पांढरी असतात ती यामुळे. तेव्हा रेझिन निवडताना किमतीआधी ते किती तापमानाला मऊ पडते आणि नंतर भट्टीत शेकावे लागते का, हे विचारावे. म्हैसूरचा उन्हाळा विदर्भासारखा नाही, पण विमान काही गोकुलममध्येच उडणार नाही!

कार्बनच्या कापडाचा मोह अनेकांना पडतो. ते हलके आणि ताठ असते, पण महाग. शिवाय अॅल्युमिनियमला थेट टेकले तर धातू गंजतो. पहिल्या विमानाला काच बरी. आणि रेझिन जास्त म्हणजे मजबुती जास्त, हा समज सोडावा. भार कापड पेलते. जादा रेझिन नुसते वजन वाढवते, ते निपटून काढावे.

पावसाळ्यात काम शक्यतो थांबवावे. दमट हवेत काही हार्डनर पृष्ठभागावर तेलकट थर आणतात. तो धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. हातमोजे तर हवेतच. एकदा का कातडीला इपॉक्सीची ॲलर्जी जडली की बहुधा ती जात नाही. हात थिनरने धुणे त्याहून वाईट.

दर वेळी कालवलेल्या मिश्रणाचा एक छोटा तुकडा तारीख घालून बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतले, तर त्या दिवशीचे काम उतरवायचे. पंख तयार झाल्यावर नाण्याने ठोकून पाहायचे, माठ घेताना टिचकी मारतो तसे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजले, तिथे कापड फोमपासून सुटले असण्याची शक्यता. तिथे पेन्सिलीने गोल करून ठेवायचा आणि रंगाचा डबा उघडायच्या आधी तो भाग दुरुस्त करायचा.