सिद्दीचा फ्लॅशबॅक

‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट १२ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडे लागला. पोरांनी पहाटेच्या खेळांनाही थिएटरं गाठली आणि ‘कार्टूनसाठी एवढी झोपमोड?’ असं विचारून वडीलधाऱ्यांनी आपापलं वय जाहीर केलं. सिनेमा जपानीखेरीज इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत नाही. पण डबिंगचं रडगाणं इथे गायचं नाही. डबिंग झालं असतं तरी मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

ते दुखणं काय, हे सिनेमातल्या अकाझामुळे कळतं. (अजून पाहिला नसेल तर हा परिच्छेद गाळा.) अकाझा माणसं मारणारा राक्षस. त्याला संपवायला नायक निघालेत आणि ऐन हाणामारीत कथा त्यांना सोडून राक्षसाच्या लहानपणात शिरते. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा हाकुजी नावाचा पोरगा, हातांवर गोंदलेल्या चोरीच्या खुणा, लाजेने गळफास घेतलेला बाप. मग त्याला आसरा देणारा गुरू, गुरूची आजारी मुलगी आणि विहिरीत कुणीतरी कालवलेलं विष. चाहते रडतात ते इथे. त्याने केलेले खून माफ होत नाहीत. त्याला मारायलाच हवं, हेही कुणी विसरत नाही. तरीही तो मरताना घशाशी काहीतरी येतं.

आपल्या गोष्टींतल्या शत्रूला कधी बालपण मिळत नाही, दुखणं ते हेच. ते पाहायला मुरुडच्या जंजिऱ्याला या. पावसाळ्यात बंद असलेल्या होड्या सुरू झाल्या की राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते आणि गाइडचा आवाज चढतो. अजिंक्य किल्ला, कलाल बांगडी तोफ, समुद्राखालून गेलेलं भुयार! भुयाराचं खरंखोटं देव जाणे, पण बरेचसे गाइड पट्टीचे कथाकार आहेत. त्यांच्या हाती चित्रकथेसाठी जन्मलेली एक जागा आहे. होडी अगदी तटाखाली जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. नुसती काळी भिंत अंगावर येत राहते, मग दोन बुरुजांच्या बेचक्यात अचानक कमान उघडते आणि शेजारच्या दगडावर एक श्वापद हत्तींना पंजांत धरून उभं असतं. जपानी चित्रकथा (मांगा) काढणाऱ्याने यावर दोन पानं पसरून एकच चित्र काढलं असतं. संवाद शून्य.

आणि गोष्टी? परंपरा सांगते की मूळ मेढेकोट राम पाटील या कोळ्याचा. व्यापाऱ्याच्या वेशात आलेल्या पिरम खानाने दारूच्या पिंपांच्या बळावर तो घेतला. तिथून पुढे आपल्या पडद्यावरचा सिद्दी म्हणजे डोळे वटारणारा आणि गडगडाटी हसणारा माणूस. वास्तविक सिद्दी आले आफ्रिकेतून, हबसाण म्हणजे अ‍ॅबिसिनियातून. त्यांच्यातले कित्येक लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले होते. याच बाजारातून आलेला मलिक अंबर पुढे अख्खी निजामशाही चालवत होता. घर कुठे, बोली कुठली, नाव काय होतं, सगळं हरवलेली माणसं कोकणच्या समुद्रात एका खडकावर पाय रोवतात आणि शेकडो वर्षं तो सोडत नाहीत. जंजिरा संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये. हा फ्लॅशबॅक कुणी चितारला?

सिद्दी कासिमचंच घ्या. जंजिऱ्याचा सिद्दी सरदार फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या स्वाधीन करायला निघाला, तेव्हा संबूल, कासिम आणि खैरियत या तिघांनी त्यालाच कैदेत टाकलं आणि मोगलांची चाकरी धरली. १६७१ च्या होळीच्या रात्री कासिम समुद्राकडून आणि खैरियत जमिनीकडून मराठ्यांच्या ताब्यातल्या दंडा-राजपुरीवर चालून आले. होळीच्या धुंदीतले पहारे, तटाला लागलेले दोर आणि मध्येच दारूकोठाराचा स्फोट. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की कित्येक कोस दूर झोपलेले महाराज त्या क्षणी दचकून जागे झाले आणि दंडा-राजपुरीवर काहीतरी अरिष्ट आलं, असं म्हणाले. खाफीखान मराठ्यांचा मित्र नव्हे. पण त्याला पटकथा कळत होती. याच कासिमने अभयाचा शब्द देऊन बाहेर काढलेल्या माणसांची कत्तल केली, बायकापोरांना गुलाम केलं, तेही तोच लिहितो. गुलामांच्या बाजारातून आलेल्या जमातीतला सरदार इतरांची पोरं गुलाम करतो. अकाझा याहून काय वेगळा?

आपल्याकडे शत्रूचा असा फ्लॅशबॅक का चितारला गेला नाही, याचं अर्धं उत्तर छपाईच्या हिशेबात आहे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’चा अंक साधारण ३२ पानांचा, रंगीत आणि बहुधा एका अंकात गोष्ट संपवणारा. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारखे हात तिथे होते. मुळीकांनी पुढे हिंदीत ‘नागराज’ही गाजवला. कमी होती ती पानांची. त्यात नायकाचा जन्म, पराक्रम आणि मृत्यू बसवायचा, तर खलनायकाच्या बापाच्या औषधाला जागा कुठून आणणार? कोयोहारू गोतोगे यांची ‘डीमन स्लेयर’ ही मूळ चित्रकथा मात्र २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकात प्रकरणवार आली. कागद स्वस्त, चित्रं काळीपांढरी, पुस्तकाचे खंड २३. एवढ्या ऐसपैस जागेत राक्षसालाही बालपण मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या स्वभावात आहे. शत्रू माणूस दाखवला की आपला नायक उणा पडेल, अशी धास्ती आपल्याला वाटते. ‘फर्जंद’ सिनेमाने (२०१८) कोंडाजी फर्जंदांनी जिंकलेला पन्हाळा दाखवला. जंजिऱ्यात फितुरीचं सोंग करून शिरलेले कोंडाजी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत आले. तिथे खरं तर सुवर्णसंधी होती. शत्रूच्या ताटात जेवताना, शत्रूच्या पोरांशी बोलताना या माणसाच्या मनात काय चाललं असेल? त्यापेक्षा आपल्याला पार्श्वसंगीत प्रिय. आपण नाही सांगितलं की दुसरे सांगतात, तेही कसं पाहा. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या तिसऱ्या भागात (२००७) चाच्यांच्या सभेत ‘श्री संभाजी’ नावाचा हिंदी महासागराचा सरदार बसलाय. आपल्या आंग्र्यांचीच ती छाया. दाढी भरघोस, रुबाब राजाचा आणि तोंड उघडलं की चिरका आवाज. विनोदापुरता वापरून दिला सोडून!

मला विचाराल तर पहिली चित्रकथा लाय पाटलाची व्हावी. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावायचं काम या कोळ्याने पत्करलं. त्याने त्या लावल्याही. मागून मोरोपंतांची फौज यायची होती, ती वेळेवर आलीच नाही. उजाडू लागलं तशी त्याने शिड्या काढून घेतल्या आणि माणसं परत आणली. शिवाजी महाराजांनी त्याला पालखी दिली, तर दर्यात वावरणाऱ्याला पालखी काय कामाची म्हणून त्याने ती नाकारली. मग ‘पालखी’ नावाचं गलबत बांधून त्याला दिलं, असं सांगतात. फत्ते न झालेल्या मोहिमेचा हा नायक आहे. तटावर पहारा करणारा एखादा सिद्दी पोरगाही यात आणता येईल, खाली काहीतरी खुट्ट झाल्यासारखं वाटून कान टवकारणारा.

दिवाळी अंकांची पानं लागतील तेव्हा ज्योतिष आणि जाहिराती यांच्यामधली सोळा पानं एखाद्या संपादकाने या गोष्टीसाठी मोकळी करावीत. अख्खी गोष्ट रात्री घडते, तेव्हा रंगाचा खर्चही नाही.