हात मुलाचा, खोकला घरातला

बेळगावहून अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांकडे तिथली अनेक विद्यापीठं टीबीच्या चाचणीचा कागद मागतात. निपाणीच्या सरकारी मराठी शाळेत पहिलीला नाव घालताना असला कागद कुणी मागत नाही. याला आपला ढिसाळपणा म्हणण्याआधी चाचणी नेमकं काय सांगते ते बघू.

टीबीच्या मॅन्टू चाचणीत हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन, म्हणजे टीबीच्या जंतूचा अर्क, टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी तिथला टणक फुगवटा मोजतात. लाली मोजत नाहीत. जंतू कधीतरी शरीरात शिरला होता, एवढंच त्यातून कळतं. रोग झालाय की नाही, ते कळत नाही. जंतू शिरलेल्यांपैकी शेकडा पाच-दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. त्यात आपल्या बाळांना जन्मल्याबरोबर टीबीची बीसीजी लस टोचतात, त्यानेही फुगवटा येऊ शकतो. २०२२ साली मान्यता मिळालेली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी चाचणी हा घोळ टाळते. तिच्यातली प्रथिनं टीबीच्या जंतूत असतात, बीसीजीत नसतात. तरी आजार आणि नुसता संसर्ग यांतला फरक तीही सांगत नाही.

म्हणजे शाळाप्रवेशासाठी सरसकट चाचणी लावली, तर धडधाकट पोरांवरच शिक्का बसायचा. लहान मुलांच्या टीबीत जंतू थोडे असतात, त्यांच्याकडून टीबी क्वचितच पसरतो. पहिलीतल्या पोराला तो बहुधा जवळच्या, अनेकदा घरातल्याच, मोठ्या माणसाकडून आलेला असतो. निपाणी तंबाखूची पेठ. बऱ्याच घरांत बायका विड्या वळतात, म्हणजे विडी हाताशीच. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला टीबीचा धोका साधारण दुप्पट. तेव्हा शाळेने पोराचा हात तपासण्यापेक्षा विचारावं, घरात दोन आठवड्यांहून जास्त कोण खोकतंय?

नियमानुसार रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांची तपासणी व्हायला हवी. पण समजा, बाप महाराष्ट्रात इचलकरंजीला मागावर कामाला, निदान तिकडेच झालेलं आणि पोरं इकडे कर्नाटकात. टीबीच्या रुग्णांची नोंद ठेवणारं नि-क्षय पोर्टल देशभर एकच आहे, त्यावरून नोंद या राज्यातून त्या राज्यात पाठवता येते. ती कुणीतरी पाठवायला मात्र हवी. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, जंतू काही तारखेसाठी थांबत नाही.

रुग्ण असलेल्या घरातल्या मुलाला आजार नसल्याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध देता येतं. त्यातला एक प्रकार आठवड्यातून एकदाच घ्यायचा, बारा आठवडे. त्यासाठी शाळा बुडवावी लागत नाही.