वजन कमी करायचं इंजेक्शन घेताय? मी घेतलं, काय झालं ते आधी वाचा

गेल्या काही महिन्यांत बाजारात, पारावर, लग्नात मला एकच प्रश्न विचारला जातोय, "भाऊ, एवढे बारीक कसे झालात?" काहींना तर वाटलं मोठं दुखणं लागलंय. तसं काही नाही. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेत होतो. आता "ते चिठ्ठीशिवाय मिळेल का?" म्हणून रोज फोन येतात. म्हणून बरं-वाईट सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

हे इंजेक्शन आहे तरी काय?

यात दोन औषधांची नावं जास्त ऐकू येतात, सेमाग्लुटाईड आणि टिर्झेपाटाईड. टिर्झेपाटाईड 'माउंजारो' नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. वजनासाठीचं सेमाग्लुटाईड 'वेगोवी' नावाने जून २०२५ मध्ये आलं. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाईडचं भारतातलं पेटंट संपलं आणि इतर कंपन्यांनाही ते बनवायला वाट मोकळी झाली. त्यामुळे शहरातलं औषध आता गावात चर्चेला आलंय.

आपण जेवलो की आतड्यातून एक हार्मोन सुटतं. ते मेंदूला सांगतं, पोट भरलं. हे औषध त्या हार्मोनसारखं काम करतं. अन्न पोटात जास्त वेळ राहतं, भूक कमी लागते. चरबी वितळवणारं हे औषध नाही, ते खाणं कमी करायला लावतं. सेमाग्लुटाईडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास कमी झालं, तेही आहार आणि व्यायाम जोडीला ठेवून.

माझे पहिले दोन महिने

माझं वय ४६, वजन १०४ किलो, सहा वर्षांपासून शुगर. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड या दोन गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी रक्त तपासून सेमाग्लुटाईड सर्वात कमी डोसवर, ०.२५ मिलिग्रॅमवर सुरू केलं. चार आठवड्यांनी डोस वाढणार होता.

पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा वासही नको झाला. दोन भाकरी खाणारा मी अर्ध्या भाकरीवर आलो. एका वास्तुशांतीला सवयीप्रमाणे भजी आणि बुंदी हाणली, तर रात्रभर उलट्या. सकाळी ढेकरालाही कालच्या भज्यांचा वास! त्यात चार-चार दिवस संडास साफ नाही. मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता हे या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत. डोस वाढला की ते पुन्हा डोकं वर काढतात, मग बहुतेकांना हळूहळू कमी होतात. मला थोडं थोडं खाणं, तळलेलं बंद आणि घोट घोट पाणी याने फरक पडला.

त्या रात्री काय झालं

चूक माझी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, इंजेक्शन सुरू झालं की ग्लिमेपिराईड निम्मी करा. मला वाटलं, गोळी सहा वर्षं घेतोय, काय होतंय. पूर्णच घेत राहिलो.

डोस वाढवल्यानंतरची गोष्ट. रात्रीची लाईट होती, उसाला पाणी द्यायला गेलो. जेवण नावालाच झालेलं. दोनच्या सुमाराला दारं मोडताना हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. चिखलातच बसलो. खिशात फोन होता म्हणून पोराला बोलावता आलं. त्याने आधी गूळ-पाणी पाजलं, मग घरी आणून शुगर मोजली, तरी ५८ भरली. मोटरच्या पेटीजवळ पडलो असतो तर आज हे लिहायला नसतो.

कारण सोपं आहे. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, शुगर खाली ओढतंच. इंजेक्शनने भूक मारलेली, पोट रिकामं, वर शेतातलं कष्टाचं काम. तिन्ही एकत्र आलं की माणूस आडवा होतो. म्हणून शुगरवाल्यांनी हे इंजेक्शन परस्पर सुरू करू नये, आणि जुनी गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये. ती किती करायची हे डॉक्टरच ठरवतील.

बंद केलं की?

पाच महिन्यांत मी ९३ किलोवर आलो. गुडघे हलके झाले, शुगर आटोक्यात आली. पण ताकदही कमी झाली, खताचं पोतं जड वाटायला लागलं. वजनाबरोबर स्नायूही झडतात. त्यासाठी डाळ, मटकी, अंडी, दूध खाणं गरजेचं. पुढे पेरणीच्या खर्चात दोन महिने इंजेक्शन थांबवलं, तर भूक परत आली आणि चार किलो वजनही. मी एकटाच नाही. चाचणीतल्या लोकांनीही औषध थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत कमावला. तेव्हा दोन महिन्यांचे पैसे आहेत म्हणून सुरू करण्यात अर्थ नाही. वर्षभराचा हिशोब आधी मांडा.

हे लक्षात ठेवा

- पोटाच्या वरच्या भागात जोरात, पाठीत जाणारी कळ थांबत नसेल तर लगेच दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयातले खडे असू शकतात.
- उलट्या-जुलाबात उन्हात काम करू नका. पाणी कमी पडलं की किडनीवर ताण येतो. ओआरएस घ्या. लघवी कमी झाली तर थांबू नका, दवाखान्यात जा.
- गरोदर बाईने हे घेऊ नये. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाईड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपाटाईडमुळे माला-एनसारख्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, हे डॉक्टरांना विचारून घ्या.
- घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल किंवा स्वतःला स्वादुपिंडाचा त्रास झाला असेल तर आधी सांगा.
- न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. गोठलेलं वापरू नका. लाईट बराच वेळ गेली असेल तर मेडिकलवाल्याला विचारा.
- एकाचं पेन दुसऱ्याने वापरू नये, सुई बदलली तरी नाही.
- 'महिन्यात दहा किलो' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडर-गोळ्यांपासून लांब राहा. सिब्युट्रामिन नावाचं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, तरी असल्या मालात ते सापडलेलं आहे.

माझं इंजेक्शन आता पुन्हा चालू आहे, पण निम्म्या गोळीवर. रात्री पाण्याला जाताना खिशात गुळाचा खडा असतो आणि सोबत पोरगा असतो. तुम्हाला घ्यायचं असेल तर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा, ती त्यांच्यापुढे टेबलावर ओता, आणि मगच इंजेक्शनचं विचारा.