साडेसहा हजार समीक्षक पाहिजेत

सव्वासातची डेक्कन क्वीन पुण्याहून सुटून साडेदहाच्या सुमारास मुंबईला पोचते. तेवढ्यात जगभरच्या स्ट्रीमिंग सेवांवर साडेतेरा हजारांच्या आसपास नवी गाणी चढलेली असतात. हेडफोन लावून बसलेल्या प्रवाशाची त्यातली साठेक ऐकून होतात, तीही घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क गेलं नाही तर.

हा दर २०२३ सालचा. गाण्यांचा हिशेब ठेवणाऱ्या ल्युमिनेट या अमेरिकी कंपनीच्या मोजणीत त्या वर्षी रोज सरासरी १,०३,५०० गाणी नव्याने आली. गाणं तीन मिनिटांचं धरलं, तर एका दिवसाची आवक ऐकायला अहोरात्र २१५ दिवस लागतात. झोप नाही, जेवण नाही, ‘परत लाव रे’ नाही. वर्षअखेरीस एकूण साठा होता १८ कोटी ४० लाख. तो सलग ऐकून त्याच डिसेंबरात संपवायचा, तर सुरुवात इ.स. ९७४ मध्ये करायला हवी होती. तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली त्याच्या पुढच्या साली.

आता यावर कुणी लिहायचं? बीबीसीचा जॉन पील अनोळखी बँड शोधून वाजवण्यासाठी प्रसिद्ध. २००४ मध्ये तो गेला तेव्हा संग्रहात २६,००० एलपी आणि ४०,००० सिंगल्स होत्या, सीडी वेगळ्याच. एलपीवर दहा आणि सिंगलवर दोन गाणी धरली तर तीन लाख चाळीस हजार होतात. एका माणसाच्या आयुष्यभराची ही जमवाजमव २०२३ च्या हिशेबात जेमतेम सव्वातीन दिवसांची आवक.

परीक्षण करायचं तर एकदा ऐकून भागत नाही. चाळीस मिनिटांचा अल्बम तीनदा ऐकायचा म्हणजे दोन तास, लिहायला आणखी तीन. दहा गाण्यांचा एक अल्बम धरून रोजची आवक रोज निकालात काढायची, तर आठ तासांची नोकरी करणारे साडेसहा हजार समीक्षक लागतील, आणि रविवारी सुट्टी नाही. शिवाय एकाच कानाने सगळं भागतही नाही. पुण्यातच बघा: ईझी वाँडरलिंग्ज या बँडचा २०१७ चा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ आणि रॅपर एमसी स्टॅनचा २०२० चा ‘तडीपार’. पहिल्यासाठी गाण्याची बांधणी आणि वाद्यांची मांडणी कळायला हवी, दुसऱ्यासाठी ताडीवाला रोडची बोली. दोन्ही येणारा माणूस मला अजून भेटायचाय.

यंत्राला हा प्रश्न पडत नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरतात. सवाई गंधर्व महोत्सवात तीस सेकंदांत तानपुरे जुळलेलेही नसतात! २०२४ पासून तिथे आणखी एक अट आली: बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे नाहीत. ल्युमिनेटच्या मोजणीत २०२३ मध्ये हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजलेली गाणी १५ कोटी ८६ लाख होती, म्हणजे शंभरातली शहाऐंशी. म्हणून मला नव्या बँडची सालटी काढणारं परीक्षण हल्ली निरर्थक वाटतं. कुणी ऐकलेलंच नाही, ते ऐकू नका म्हणून काय सांगायचं? प्रसिद्धांना जरूर झोडावं. बाकीच्यांत, काय उचललं हेच समीक्षकाचं पहिलं मत.

वर्षभरात एकदाही न वाजलेली गाणी होती ४ कोटी ५६ लाख. त्यात पावसाचे आवाज, कराओके, एकाच गाण्याच्या चार आवृत्त्या असलं बरंच काही असतं. तरी आकडा आकडाच. २०११ च्या जनगणनेत पुणे शहर होतं सुमारे ३१ लाखांचं. माणशी चौदा-पंधरा गाणी वाट्याला येतात, म्हणजे ऐकायला पाऊण तास. एका रविवारात सगळ्यांचा निकाल लागेल. त्यावरची पुणेकरांची मतं ऐकायला किती शतकं लागतील, ते गणित मी केलेलं नाही.