ग्रूव्हचा हिशेब मिलिसेकंदांत लागत नाही

ड्रमरचा कस वेगवान हातांत असतो, या समजाला क्लाइड स्टबलफील्डने 1969 मध्येच उत्तर देऊन ठेवलं आहे. जेम्स ब्राउनच्या बँडबरोबर सिनसिनाटीत ध्वनिमुद्रित झालेल्या 'फंकी ड्रमर'मध्ये बाकीची वाद्यं थांबतात आणि तो एकटा उरतो. अशा वेळी कुणीही तयारी दाखवली असती. त्याने आधीचाच ठेका चालू ठेवला. हाच तुकडा पुढे शेकडो हिप-हॉप गाण्यांत वापरला गेला. त्याची ओढ, म्हणजे अंग डोलायला लावणारा ग्रूव्ह, आहे आवाजाच्या चढउतारात: स्नेअरवर ठळक पडणारे ठोके आणि त्यांच्या मधे जेमतेम ऐकू येणारे हलके आघात, ज्यांना ड्रमर 'घोस्ट नोट्स' म्हणतात. वेळ तीच ठेवून सगळे आघात सारख्या जोराने वाजवून पाहा, ठेका लगेच सपाट होतो. मेट्रोनोमच्या लेखी मात्र दोन्ही वादनं सारखीच बरोबर.

मेट्रोनोम पुरेसा नाही हे पटलं, की लोक थेट दुसऱ्या टोकाला जातात: माणसाच्या हातून वेळेत होणाऱ्या बारीक चुका म्हणजेच ग्रूव्ह. ऐकायला हे मोठं छान वाटतं, पण पुरावा साथ देत नाही. मॅथ्यू डेव्हिस, गाय मॅडिसन आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या प्रयोगात साध्या तालांमध्ये ठोके मुद्दाम मागेपुढे सरकवले, तेव्हा श्रोत्यांना ग्रूव्ह वाढल्यासारखा नव्हे, उलट कमी झाल्यासारखा वाटला. आणि शिकागोचं हाउस संगीत तर वेळ न चुकवणाऱ्या ड्रम मशीनवरच उभं राहिलं. त्यावर लोक रात्र-रात्र नाचलेच.

यावर जाणकार विचारतील, मग विल्सन पिकेटच्या 'इन द मिडनाइट अवर'चं काय? मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत 1965 साली केलेल्या या गाण्यात अल जॅक्सनचे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचे ठोके किंचित उशिरा पडतात, आणि गाणं त्यामुळेच झुलतं. आक्षेप रास्त आहे. फक्त तो उशीर ही चूक नव्हे. तो ठरवून केलेला आहे, आवर्तनामागून आवर्तन टिकतो आणि बँड त्याच्याबरोबर असतो. जेफ पोर्कारोने मायकेल मॅकडॉनल्डच्या 1982 च्या 'आय कीप फरगेटिन'मध्ये वाजवलेल्या हाय-हॅटचं विश्लेषण 2015 मध्ये 'प्लॉस वन' या संशोधनपत्रिकेत आलं. त्यात ठोक्यांच्या वेळेतले आणि जोरातले सूक्ष्म चढउतार मोजले, तर ते विस्कळीत निघाले नाहीत. आधीच्या ठोक्यांशी त्यांचं नातं लांबवर टिकून होतं. ड्रमर घड्याळापासून किती हलला, यापेक्षा हलण्यात सातत्य किती आणि बेस वाजवणारा त्याच्याबरोबर आहे की नाही, हेच पाहावं लागतं.

म्हणून मेट्रोनोम फेकून देऊ नका. स्थिर लय नसेल तर ठरवून उशीर करताच येत नाही. फक्त एक साधा ठेका पाच मिनिटं न बदलता वाजवा, रेकॉर्ड करा, आणि ऐकताना आधी हलके आघात तपासा.